वर्डप्रेस सतत बदलतंय, मग थीम शिकू तरी कशाला?

“शिकून होईतो ते जुनं झालेलं असतं, मॅडम.” मधल्या वयात काम बदलू पाहणारी जी माणसं माझ्याकडे येतात, ती हे वाक्य हमखास बोलतात, आणि वेबसाइटचं काम शिकणाऱ्यांच्या तोंडी तर ते जास्तच असतं. कोल्हापूरकडच्या एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने.

ताई चाळिशी ओलांडलेल्या. छापखान्यात डीटीपी करायच्या: लग्नपत्रिका, हँडबिलं, साप्ताहिकाची पानं. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागल्या, काम आटलं, म्हणून त्यांनी वर्डप्रेस थीमचा क्लास लावला. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि थीम म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साच्यांचा संच. तिथे पानाच्या माथ्या-तळाच्या, म्हणजे हेडर-फूटरच्या, पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइली आणि लेख एकेक करून पानावर आणणारा ‘लूप’ हा कोड शिकवला. घरी ताजं वर्डप्रेस टाकून बघतात, तर सोबत आलेल्या थीममधून ओळखीच्या बहुतेक फाइली गायब. त्याऐवजी एचटीएमएलचे, म्हणजे वेबपानाची रचना लिहायच्या भाषेचे, तुकडे आणि रंग, फॉन्ट, अंतरं ठरवणारी ‘थीम.जेसन’ नावाची लांबलचक फाइल. मग रोज रात्री व्हिडिओ. एक सांगतो असं, दुसरा तसं. “वय झालं माझं, दुसरं काय!”

अशा वेळी ‘सोपं असतं हो’ म्हणू नये. समोरच्याला ते आणखी एकटं पाडतं. शिवाय भीती निराधार नसते. वर्डप्रेससारख्याच द्रुपल या सॉफ्टवेअरची २०१५ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा थीम लिहायची रीतच बदलली, जुन्या थीम नव्याने लिहाव्या लागल्या.

वर्डप्रेसचं मात्र तसं झालं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ब्लॉक एडिटर आला, म्हणजे परिच्छेद, चित्र असे ठोकळे (ब्लॉक) रचून पान बनवायची सोय. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीबरोबर आलेली ‘ट्वेंटी ट्वेंटी-टू’ ही पूर्णपणे ब्लॉकवर चालणारी पहिली डीफॉल्ट, म्हणजे वर्डप्रेससोबतच येणारी, थीम. पण जुन्या पद्धतीच्या थीम बंद पडल्या नाहीत. म्हणजे क्लासने खोटं नाही, अर्धंच शिकवलं होतं.

मी ताईंना जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींच्या थीम शेजारी-शेजारी उघडायला लावल्या. एका लेखासाठी आधी ‘सिंगल’ नावाचा साचा शोधायचा, नसेल तर शेवटी ‘इंडेक्स’वर यायचं, हा क्रम दोन्हीकडे तोच. फक्त फाइलच्या नावाच्या शेपटीला पीएचपीऐवजी एचटीएमएल. ताई जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सामान तेच, कपाट बदललंय.”

खरी गाठ वेगळीच होती. क्लासमध्ये बाकी सगळी विशीतली पोरं. त्यांच्यासमोर अडाणी ठरायची धास्ती. म्हणून मी विचारलं, छापखान्यात किती वेळा असं सॉफ्टवेअर बदललं? पेजमेकर गेलं, कोरल आलं. श्री-लिपी या जुन्या मराठी फॉन्टांतला मजकूर युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत न्यायला लागला तेव्हा जोडाक्षरं फुटली आणि ताई रडकुंडीला आल्या होत्या. त्या वेळी कुणी शिकवलं? “कुणी नाही. काम अंगावर होतं, केलं.” हे त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. मी सांगून त्याला वजन आलं नसतं.

गृहपाठ एवढाच दिला: व्हिडिओ बंद. एकच ब्लॉक थीम घ्यायची आणि थीम.जेसनमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलून काय होतं ते वहीत लिहायचं. कुठलाही धडा वाचण्याआधी त्याची तारीख बघायची.

पुढच्या भेटीला ताई वेगळ्याच तोऱ्यात आल्या. इंग्रजीसाठी बेतलेल्या थीममध्ये त्यांनी मराठी मजकूर भरला होता. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असल्यामुळे शिरोरेषा तुटत होती आणि ओळी इतक्या चिकटलेल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडत होते. क्लासमधल्या पोरांना ते दिसलंच नव्हतं. ताईंनी अंतर शून्य केलं, ओळींची उंची वाढवली, मुक्ता हा देवनागरी फॉन्ट लावला. पान वाचण्यासारखं झालं. वर्षानुवर्षं प्रुफं तपासलेली नजर इथे कामाला आली.

आता त्यांच्याकडे एका पतसंस्थेचं काम आहे. साइट जुन्या पद्धतीच्या थीमवर आहे, तेव्हा मूळ थीमला हात न लावता तिच्यावर बेतलेली, फक्त आपले बदल ठेवणारी चाइल्ड थीम करून त्या बदल करताहेत. पीएचपीची धास्ती अजून आहे. तो विषय आम्ही सध्या बाजूला ठेवलाय. गेल्या वेळी त्यांचा प्रश्न वयाचा नव्हता, दराचा होता: “किती सांगू, मॅडम?” ते मी त्यांच्या जुन्या छापखानावाल्यांना विचारायला सांगितलं. गावातल्या गिऱ्हाइकाची ऐपत त्यांना माझ्याहून चांगली ठाऊक.