इदान रायखेल यांच्या संगीतात इथिओपियन सूर कुठून आले?

१९७७ साली इस्रायलमधील क्फर साबा येथे जन्मलेले रायखेल लहानपणी अकॉर्डियन शिकले. पुढे इथिओपियातून आलेल्या ज्यू मुलांच्या वसतिशाळेत काम करताना त्या मुलांच्या अम्हारिक (इथिओपियातील एक भाषा) गाण्यांशी त्यांचा परिचय झाला आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचे मूळ तिथेच आहे. २००२ मध्ये 'इदान रायखेल प्रोजेक्ट' या नावाने निघालेल्या पहिल्या अल्बममध्ये हिब्रू गीतांना अम्हारिक ओळींची जोड मिळाली. गीतकार-संगीतकार स्वतः असूनही (हे मला फार आवडते) ते बहुधा कीबोर्डमागे बसत आणि गाणे इतरांच्या गळ्यावर सोपवत. २०१२ मध्ये मालीचे गिटारवादक व्यू फारका तुरे यांच्यासोबतचा 'द तेल अवीव सेशन' हा अल्बम आला.