घरात मांजर असताना अंदमानसारख्या लांबच्या ट्रिपा जमतात का?

तुम्ही विचारलंय की समुद्राचं आणि बेटांचं वेड आहे, वर्षाला एक तरी लांबची ट्रिप होते आणि आता मांजर आणायचं मनात आहे, तर दोन्ही जमतं का एक सोडावं लागतं. मी सोलापूरची, भवानी पेठेत राहते, घरात तीन मांजरं आहेत, अंदमान दोनदा झालंय आणि मालवणला किती वेळा गेलो ते आता आठवतही नाही. तर जमतं. फक्त तुमच्या मागे तुमच्याच घरात येऊन बसेल असं माणूस आधी शोधा आणि तिकिटं नंतर काढा. आम्ही हे उलटं केलं होतं आणि त्याचा त्रास मनीला झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मनी आमची पहिली. मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघते, तिथे 2014 च्या उन्हाळ्यात लूमच्या मागे सुताच्या कोनांच्या खोक्यात एक भाटी व्यायली, चार पिल्लं होती, तीन कामगारांनी नेली आणि उरलेलं एक मी ओढणीत गुंडाळून घरी आणलं. लूमच्या खडखडाटात जन्मलेली म्हणून तिला मिक्सर, कुकरची शिट्टी, कशाचीच भीती नाही, पण फटाका वाजला की संपलं. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीतल्या यात्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री ती दिवाणाखाली जी जाते ती सकाळीच बाहेर येते. म्हणून संक्रांतीच्या आसपास आम्ही कुठेच जात नाही, तिकीट कितीही स्वस्त मिळो.

काळ्या बोका आणि चिंगी नंतर आले. रोजचं म्हणाल तर पहाटे साडेपाचला चिंगी छातीवर चढते, मग उठायचं, तीन वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवायच्या कारण काळ्या दुसऱ्याचं खातो, त्यांच्या शी-शूचा मातीचा डबा साफ करायचा, मग आपला चहा. आठवड्यातून दोनदा मार्केटमधून उजनीची चिलापी आणते, नुसत्या पाण्यात उकडायची, मीठ हळद कांदा लसूण काही नाही, आणि काटे एकेक करून काढायचे, त्यात अर्धा तास जातो पण ते तिघं ओट्याखाली असे ओळीनं बसलेले असतात की तो अर्धा तास मला दिवसातला सगळ्यात आवडतो. मे महिन्यात पारा 43-44 वर जातो तेव्हा दुपारी फरशीवर ओलं पोतं टाकते आणि पाण्याची मडकी तीन ठिकाणी ठेवते. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते साधं समजू नका, लगेच गार जागी न्या आणि डॉक्टरला फोन करा.

आमच्या गल्लीत मांजराला चार नावं आहेत, मी मांजर म्हणते, शेजारच्या अक्का तेलुगूत पिल्लि म्हणतात, समोरचे अप्पा कानडीत बेक्कु आणि दूधवाले चाचा बिल्ली. मनी चौघांच्याही हाकेला येते.

आता 2017 चं. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा अंदमान ठरलं, इथून चेन्नईची मेल आणि तिथून विमान, जाऊन येऊन दहा दिवस. अक्कांना विचारायचा संकोच वाटला, सणाचे दिवस, त्यांच्या घरी पाहुणे, कशाला त्यांना त्रास. म्हणून पैसे देऊन कुत्री-मांजरं सांभाळतात अशा एका ठिकाणी मनीला ठेवलं. जागा स्वच्छ होती, बाजूला कुत्री होती पण माणूस म्हणाला सवय होते दोन दिवसात. मी विश्वास ठेवला.

पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, सेल्युलर जेल बघितलं. सोलापूरसारख्या चार हुतात्म्यांच्या गावातून गेलेल्या माणसाला तिथे काय वाटतं ते वेगळं लिहावं लागेल, इथे नको. दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉकला, त्याचं नाव आता स्वराज द्वीप आहे. घड्याळ आपलंच पण बेट इतकं पूर्वेला की त्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, सोलापुरात त्या वेळी उन्हाची तिरीप अजून भिंतीवर असते. तिथली वस्ती बरीचशी बंगाली, फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशी संध्याकाळी अंगणात माशाची डोकी घेऊन आल्या आणि हाक मारली "मेनी, मेनी", आणि माझ्या पोटात एकदम धस्स झालं. मला मनीच ऐकू आलं. सुपारीच्या झाडामागून एक पांढरी-पिवळी भाटी आली, मावशींनी सांगितलं की बंगालीत मांजरीला मेनी म्हणतात आणि बोक्याला हुलो. मी तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिले, ती खाऊन झाल्यावर पंजा चाटून तोंड पुसत होती अगदी आमच्या मनीसारखं, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की घरी फोन करावा. पण तेव्हा तिथलं इंटरनेट सॅटेलाइटवर चालायचं, साधा फोटो उघडायला रात्र जायची. फोन एकदा लागला, त्या माणसानं सांगितलं सगळं ठीक आहे.

ठीक नव्हतं. दहाव्या दिवशी आणायला गेले तर तिनं आठवडाभर जवळजवळ काही खाल्लं नव्हतं. कानाच्या आतली कातडी पिवळी दिसत होती. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की लिव्हरवर चरबी चढलीय. मांजराचं हे वेगळं असतं, आपण दोन-तीन दिवस उपास केला तर काही होत नाही पण मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जमा होते आणि मग ते आणखीच खात नाही, जाड मांजराला धोका जास्त. सलाईन, आणि मग घरी सुईशिवायच्या सिरिंजनं दर दोन तासांनी पातळ केलेलं खाणं, बारा दिवस. रात्रीची पाळी नवऱ्यानं घेतली. तेराव्या दिवशी तिनं स्वतःहून वाटीला तोंड लावलं तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले.

त्या माणसाचा मला राग आला होता, अजूनही आहे कारण त्यानं खरं सांगायला हवं होतं. पण मांजराला माणसाइतकंच घर लागतं हे मला कळायला हवं होतं. दारात कुठली चप्पल कुठे असते, दिवाणाखालचा वास, खिडकीतून दिसणारा लिंब, हे सगळं मिळून तिचं मांजरपण असतं. सोबत नेऊनही बघितलंय, एकदा गाडीतून पुण्याला न्यायला निघालो तर मोहोळपर्यंत ओरडली, टेंभुर्णीला उलटी केली, तिथूनच परत फिरलो.

तेव्हापासून अक्का. आता कुठे जायचं असलं की महिनाभर आधीपासून अक्का रोज संध्याकाळी येऊन आमच्याच वाट्यांत आमच्याच हातचं घालतात, मी आत बसून राहते. मग एक रात्र मी बहिणीकडे झोपायला जाते, ती रंगीत तालीम. किल्ली दोघांकडे, अक्कांकडे आणि अप्पांकडे. माझा न धुतलेला गाऊन आणि अंगावरची चादर तशीच दिवाणावर ठेवते, चिंगी त्यावरच झोपते. फ्रिजवर मोठ्या अक्षरात डॉक्टरचा नंबर आणि खाली लाल पेननं, ताप वाटला तरी क्रोसिन द्यायची नाही. हे मुद्दाम लिहिते कारण आपल्याकडे माणसाची गोळी अर्धी करून जनावराला द्यायची सवय आहे, आणि क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो. दुसरं, बोका डब्यात बसून जोर करतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, हेही अक्कांना सांगून ठेवलंय. आणि वाटी भरून ठेवून चार दिवस कुलूप लावून जाऊ नका, लोक मांजर स्वतंत्र असतं म्हणून असं करतात, आजारी पडलं तर बघणारं कुणी नसतं. रोज दोनदा माणूस आत गेलं पाहिजे, आणि नुसतं खायला घालून नाही, थोडं बसून यायचं.

बदल्यात आम्ही अक्कांच्या घरचं बघतो, त्यांच्या लेकाचं लग्न वरंगळला होतं तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरातलं पाणी भरायचं काम माझ्याकडे होतं, इथे नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे ते काम किती मोठं आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. अंदमानहून त्यांना शंख आणावेत असं वाटलं होतं पण ते उचलायला बंदी आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. मालवणहून मात्र कोकम आणि फणसपोळी ठरलेली.

मालवणचं सांगते, कारण पहिली ट्रिप तुम्ही अशी जवळची करा. सिंधुदुर्ग किल्लासुद्धा बेटच आहे, शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 मध्ये कुरटे बेटावर बांधलेला, होडीनं थोड्याच वेळात पोचता, पावसाळ्यात होड्या बंद असतात. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, मी प्रत्येक वेळी त्यांच्या काठावर उभी राहून बघत बसते. काही कुटुंबं अजून आत राहतात. तिथे तटाच्या सावलीत एक करडं मांजर झोपलेलं असतं, दोन-तीन वेळा तेच दिसलं. त्याला बघून वाटतं हे होडीतूनच आलं असणार, कुणाच्या तरी टोपलीत. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय, आणि त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच, म्हणजे तेव्हाही कुणीतरी होडीत घालूनच नेलं होतं. मला हे वाचल्यापासून कुठल्याही बेटावर मांजर दिसलं की ते कुणाचा तरी हात धरून आलंय असंच दिसतं.

2023 च्या फेब्रुवारीत परत अंदमानला गेलो, तेव्हा सगळंच वेगळं. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकून झाली, सुमारे 2,300 किलोमीटरची, स्वराज द्वीपपर्यंत जोडणी आली. राधानगर बीचवरून परत आल्यावर रोज संध्याकाळी अक्कांचा व्हिडिओ कॉल. अक्का फोन मनीच्या तोंडासमोर धरायच्या आणि म्हणायच्या बघ, बघ कोण आहे. मनी स्क्रीन हुंगायची, मला फक्त नाक दिसायचं. मागून त्याच मावशींच्या अंगणात आवाज यायचा, मेनी, मेनी. जुनी मेनी गेली होती, ही तिची लेक. मी फोन तिच्याकडे वळवला तेव्हा सोलापुरात मनीनं कान टवकारले, हे अक्कांनी शपथेवर सांगितलं.

तुम्ही पिल्लू आणणार असाल तर दोन आणा, तुमच्या मागे एकमेकांना सोबत होते. लसी आणि नसबंदीचं ऑपरेशन होईपर्यंत, म्हणजे पहिले सहा-सात महिने, लांबचं काही ठरवू नका.

आम्हाला यंदा लक्षद्वीपला जायचं होतं, परवाना काढायचा, कोचीहून पुढे जायचं, सगळी माहिती काढून ठेवलीय. पण मनीचं वय झालंय, किडनीचं औषध सकाळ-संध्याकाळ असतं आणि ते ती अक्कांकडून घेत नाही, माझ्याच हातून घेते. त्यामुळे दिवाळीत लेक घरी येईल तेव्हा दोन रात्री मालवण, बास. लेकीच्या हातून घेते का ते गेल्या आठवड्यात बघितलं, पहिल्या दिवशी थुंकलं, दुसऱ्या दिवशी घेतलं.