मोटर चालू कशी होते ते सोड, बंद कशाने पडते ते बघ

'काका' म्हणून विचारलंस, म्हणून एकेरीतच लिहितो. आयटीआय झालं, कारखान्यात मेंटेनन्सला लागलास, पण पॅनलचं दार उघडलं की नुसतं वायरींचं जंजाळ दिसतं, तर सरळ पीएलसीचा (प्रोग्रामवर चालणाऱ्या कंट्रोलरचा) कोर्स लावू का, असं तुझं म्हणणं. अजून नको. आधी एक साधा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन, म्हणजे मोटर थेट लाइनवर घेणारा) स्टार्टर न बघता कागदावर काढता आला पाहिजे.

त्यात पॉवरचं सर्किट सोपं. आयसोलेटर (मेन स्विच), फ्यूज, कॉन्टॅक्टर (कॉइलच्या मॅग्नेटने ओढला जाणारा स्विच), ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की ट्रिप होणारा), मोटर. तीन फेज वरून खाली उतरल्या की संपलं. डोकं लागतं कंट्रोलला. एक फेज निघते, ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून (ट्रिप झालं की उघडणारा संपर्क) जाते, पुढे स्टॉप बटण, मग स्टार्ट बटण, तिथून कॉन्टॅक्टरच्या कॉइलचं एक टोक, ए१. दुसरं टोक, ए२, न्यूट्रलला. (कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर न्यूट्रलऐवजी दुसरी फेज. कॉइलवर छापलेलं वाचल्याशिवाय वायर लावू नकोस. २३० ची कॉइल ४१५ वर काही क्षणांत जळते, हे मी मालकाच्या खर्चाने शिकलो.) स्टार्टला पॅरलल कॉन्टॅक्टरचाच १३-१४ हा संपर्क, एनओ, म्हणजे एरवी उघडा आणि कॉन्टॅक्टर ओढला की बंद होणारा. बटणावरचं बोट काढलं तरी तो कॉइल धरून ठेवतो, म्हणून त्याला होल्डिंग म्हणतात. लाइट गेली की होल्डिंग सुटतं आणि लाइट परत आली तरी मोटर आपली आपण फिरत नाही. बंद पडलेल्या मळणीयंत्रात अडकलेलं काढायला कोणी हात घातला असेल, तर तो हात यामुळेच वाचतो. शेतपंपाला 'ऑटो' लावून आपण नेमकी हीच सोय काढून टाकतो. मग लाइट आल्याबरोबर शिवारातले सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी जळते. असो.

नवीन पोरं सर्किट वाचताना मोटर चालू कशी होते ते शोधत बसतात. तू उलटं वाच. मोटर चालू आहे असं धर आणि बघ, ही कशाकशाने बंद पडेल? मग स्टॉप बटण एनसी (एरवी जोडलेलं, दाबलं की तुटणारं) का, ते आपोआप कळतं. बटणाची वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, तर मोटर थांबलीच पाहिजे. स्टॉप एनओ असता, तर वायर तुटल्याचं कळलं असतं ते थेट मोटर थांबवायच्या घाईत. दोन जागांवरून चालणारी मोटर असेल तर सगळे स्टॉप सिरीजमध्ये आणि सगळे स्टार्ट पॅरललमध्ये, हेही त्याच हिशेबाने. स्टार-डेल्टात (मोठी मोटर आधी स्टार जोडणीत उठवून मग डेल्टात घेणारा स्टार्टर) स्टारचा एनसी डेल्टाच्या कॉइलमध्ये आणि डेल्टाचा स्टारच्या कॉइलमध्ये घातलेला असतो. ते इंटरलॉक नसेल आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढले गेले, तर तिन्ही फेज सरळ शॉर्ट.

हे मला कोणी शिकवलं नाही. उमेदवारीच्या दिवसांत कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळावर रात्री बोलावणं आलं. चरक्याची मोटर सारखी ट्रिप होत होती, कढईत रस चढलेला, मालक डोक्यावर उभा. मी शहाणपणा करून ९५-९६ वर जंपर मारला. मोटर चालली, सगळ्यांनी चहा पाजला. थोड्याच वेळात वार्निशचा वास सुटला. किटकॅट फ्यूजमधली एक तार ढिली होती; मोटर फिरायला लागली की ती सुटायची आणि मोटर दोन फेजवर ओढत राहायची. एक फेज गेली की उरलेल्या दोन वायरींत करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो. रिले बिचारा तेच ओरडून सांगत होता आणि मी त्याचंच तोंड बंद केलं. रिवाइंडिंग होईपर्यंत गुऱ्हाळ थांबलं, आणि माझी मजुरी कोणी काढली नाही हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून ट्रिप झालं की आधी तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने बघतो. ओव्हरलोडची सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरून घ्यायची. ५ एचपीला साधारण ७.५ अँपिअर. रिले 'नॉमिनल'ला (नेमप्लेटवरच्या करंटला) ट्रिप होतो म्हणून सेटिंगचं बटण पुढे सरकवणारे मिस्त्री तुला भेटतील. त्यांच्याकडून बाकी सगळं शिक, हे नको.

फॉल्ट शोधायला मल्टिमीटर पुरे. मात्र चालू कंट्रोलवर मोजायचं म्हणजे सुरुवातीला जाणता माणूस शेजारी हवाच. एक प्रोब ए२ वर ठेव, दुसरा फेजच्या बाजूने एकेक टर्मिनल पुढे सरकव: ९५, ९६, स्टॉपच्या अलीकडे, पलीकडे. जिथे व्होल्टेज गायब झालं, त्याच्या लगेच मागे दोष. बटण दाबलं की ओढतो आणि सोडलं की पडतो, तर १३-१४ बघ. कॉन्टॅक्टर खडखडतो, तर व्होल्टेज कमी आहे नाहीतर मॅग्नेटच्या तोंडावर कचरा. कॉन्टॅक्टर नीट ओढला पण मोटर नुसती गुणगुणते, तर कंट्रोल सोड, फेज मोज.

घरी सराव करायचा तर पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, इथे सामान मिळतं. २४ व्होल्ट डीसी कॉइलचा जुना कॉन्टॅक्टर, तेवढ्याच व्होल्टचा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा सप्लाय), दोन बटणं आणि मोटरच्या जागी २४ व्होल्टचा इंडिकेटर. प्लायवर मांड, जोड, सोड, पुन्हा जोड. आणि कामावर पॅनलमध्ये हात घालण्याआधी आयसोलेटर पाडून त्याला कुलूप लाव, मीटर आधी चालू लाइनवर तपास, मग बंद केलेल्यावर, मग पुन्हा चालूवर. निऑन टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं समजू नकोस.

पीएलसीला गेलास की पहिल्याच दिवशी एक गंमत दिसेल. स्टॉप बटण बाहेर एनसीच जोडलेलं, पण लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रामच्या आकृतीत) त्याचा संपर्क एनओचा काढलेला. वर्गातली निम्मी पोरं तिथे अडकतात. बटण न दाबता इनपुटला सप्लाय येतोय, म्हणजे बिट १ आहे. वायर तुटली की ० होईल आणि मोटर पडेल. डीओएल हाताने जोडलेला असेल, तर हे तुला कोणी समजावावं लागणार नाही.