बेशुद्ध माणूस उचलताना एवढा जड का लागतो?

तुम्ही लिहिलंय, एरवी आईला हाताला धरून उठवता, पण ती चक्कर येऊन पडली तेव्हा दोघांनाही उचलवेना. वजन तेवढंच होतं. कमी पडली ती तिची मदत.

शुद्धीतला माणूस, अगदी आजारी असला तरी, आपल्या मानेभोवती हात टाकतो, पायांनी जमिनीवर रेटा देतो, मान सावरतो, पाठ-पोट आवळून धड एकसंध ठेवतो. यातलं बरंचसं त्याच्याही नकळत होतं. शुद्ध गेली की हे सगळं थांबतं. नुसतं डोकंच ४-५ किलोचं. ६० किलोच्या माणसाचा एकेक पाय सुमारे १० किलोचा. हे सगळं वेगवेगळ्या दिशांना लोंबकळतं. काखेत हात घालून उचलायला जावं तर दंड वर जातात, खांदे कानाला टेकतात आणि धड खाली निसटतं. आपली ताकद खर्च होऊनही कंबर जमिनीवरच असते. गच्च भरून शिवलेलं पोतं हमाल सहज पाठीवर घेतो, तेवढ्याच वजनाचं सैल पोतं त्यालाही नकोसं होतं, तसंच हे.

त्यात असं शरीर छातीशी घट्ट धरता येत नाही, आपण वाकून लांबूनच ओढतो. आपल्या कंबरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवरून जोर लावतात. ओझं ४० सेंटीमीटर पुढे असेल तर त्यांना ओझ्याच्या आठपट ताण पडतो, २० वर आणलं तर चौपट. जडपणा जाणवतो तो इथे, आणि कंबर धरते तीही यामुळेच.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा फिजिओथेरपिस्टनी पहिली गोष्ट शिकवली ती उचलायची नाही, सरकवायची. कुशीवर वळवून अंगाखाली दुहेरी चादर घालायची आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी चादर धरून सरकवायचं. लुळा हात धरून तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो.

आईला पुन्हा चक्कर आली तर उचलायची घाई करू नका. श्वास नीट चालू असेल आणि कुठे मार लागला नसेल तर आहे तिथेच आडवं ठेवून पाय थोडे वर करा. साध्या चक्करेत माणूस बहुधा मिनिटभरात शुद्धीवर येतो, मग उठताना स्वतःच हातभार लावतो. तरीही शुद्ध आली नाही तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. मानेला किंवा डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर मात्र हलवू नका, लगेच फोन करा. श्वासच नीट चालत नसेल तर फोन करून ते सांगतील तसं छाती दाबायला सुरुवात करा.