न उगवलेल्या दाताची जागा

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिच्या वरच्या पटाशीच्या दातांपैकी मधल्या दोन दातांच्या डावीकडचा दुधाचा दात पडून दोन वर्षे होत आली, तरी तिथे नवा दात आलेला नाही. उजव्या बाजूचा आला, पण तो खुंटीसारखा बारीक आहे. डावा दात मुळात तयारच झालेला नाही आणि खालच्या एका दुधाच्या दाढेखालीही कायमचा दात नाही, असे एक्स-रेत दिसले. गरोदरपणी मला कॅल्शियम कमी पडले म्हणून असे झाले का? इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) आताच करून घ्यावे का, आणि ती दुधाची दाढ काढावी का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो, कारण जवळजवळ प्रत्येक आई तो विचारते. आपल्या आहारामुळे हे झालेले नाही. दाताचा अंकुर जबड्यात धरलाच नाही, तर तो दात कधीच येत नाही, आणि अंकुर न धरण्यामागे बहुधा आनुवंशिक कारण असते. एमएसएक्स-१, पॅक्स-९, डब्ल्यूएनटी-१०ए ही त्यांतली काही परिचित जनुके. अक्कलदाढा सोडल्यास सर्वांत जास्त वेळा न येणारे दात म्हणजे खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ (दुधाच्या दुसऱ्या दाढेच्या जागी येणारा कायमचा दात) आणि वरच्या पटाशीच्या दातांतला बाजूचा दात, म्हणजे नेमके आपल्या मुलीचे दोन. एका बाजूला दात नसणे व दुसऱ्या बाजूचा खुंटीसारखा असणे ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत, म्हणून धाकटे भावंड असल्यास त्याचेही दात तपासून घ्यावेत. मात्र सहा किंवा अधिक दात नसतील, आणि त्याबरोबर केस विरळ असणे, घाम फारच कमी येणे अशी लक्षणे असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडूनही तपासणी करून घेणे आवश्यक असते.

इम्प्लांट आता मुळीच नको. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, त्यामुळे जबडा वाढतो तसा दातही हाडासह सरकत राहतो. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडाशी एकजीव होतो आणि जिथे बसवला तिथेच राहतो. ११ व्या वर्षी बसवलेला दात काही वर्षांत शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागेल आणि त्याच्या हिरडीची कडही वरच राहील. म्हणून वाढ थांबल्याची खात्री होईपर्यंत, म्हणजे साधारणपणे विशीच्या आसपासपर्यंत, थांबावे लागते.

परंतु थांबायचे म्हणजे स्वस्थ बसायचे, असे नव्हे. मुलीचा वरचा सुळा याच वयात खाली उतरतो. बाजूच्या दाताच्या मुळाचा आधार धरून तो वाट काढत असल्याने, तो दात नसेल किंवा बारीक असेल तर सुळा टाळूच्या बाजूला अडकण्याची शक्यता वाढते. दंतवैद्य हिरडीवरून बोट फिरवून त्याचा उंचवटा लागतो का हे पाहतील आणि गरज वाटल्यास पुन्हा एक्स-रे काढतील. पुढचा निर्णय दंतव्यंगोपचारतज्ज्ञांबरोबर, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या दंतवैद्यांबरोबर, घ्यावा. एक मार्ग म्हणजे तारा लावून सुळा रिकाम्या जागेत आणणे व त्याला घासून, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण) लावून शेजारच्या दातासारखा आकार देणे. दुसरा म्हणजे जागा मोकळी राखून तिथे पुढे कृत्रिम दात बसवणे. दात दाटीने असतील तर मला पहिला मार्ग अधिक पसंत आहे, कारण त्यात आयुष्यभर स्वतःचाच दात राहतो. पण सुळा फार पिवळसर किंवा रुंद असेल तर तो वेगळा उठून दिसतो, हेही आधीच सांगायला हवे. दुसऱ्या मार्गात मधल्या काळासाठी काढता-घालता येणाऱ्या प्लेटवरचा दात किंवा शेजारच्या दाताच्या मागे पातळ पंखाने चिकटवलेला ब्रिज (शेजारच्या दाताच्या आधारावरचा कृत्रिम दात) पुरतो. खुंटीसारख्या दातावर कॉम्पोझिट चढवले की तो नेहमीच्या आकाराचा दिसतो.

दुधाची दाढ घाईने काढू नये. खाली कायमचा दात नसेल, तर तिची मुळे फार हळू झिजतात. दर तपासणीला ती शेजारच्या दाढांच्या पातळीवर आहे का, हे पाहावे. ती हाडाला जखडली असेल तर दंतवैद्यांच्या छोट्या आरशाच्या दांड्याने हलके ठोकल्यावर इतर दातांपेक्षा खणखणीत आवाज येतो आणि वर्षागणिक ती खाली बुडाल्यासारखी दिसते. तसे होत असेल, किंवा तिची जागा तारांनी भरून काढायची असेल, तरच काढण्याचा विचार करावा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे. माझी एक दुधाची दाढ अजून पडलेली नाही आणि तिच्याखाली दात नाही. दुखत नसूनही ती काढावी का?

उत्तर : नाही. अशा दाढा चाळिशीनंतरही टिकल्याची उदाहरणे दंतवैद्यांना ठाऊक आहेत. तिचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत जाते. दोन दातांमधली जागा रोज धाग्याने साफ करा आणि दंतवैद्य सुचवतील तेव्हा मुळांचा एक्स-रे काढून घ्या. ती हलू लागली तर आपल्या वयात इम्प्लांटला वाढीची अडचण नाही, फक्त हाड पुरेसे आहे का, ते पाहावे लागेल.