जोडलेले सेक्टर आणि प्रतिबंधित क्षेत्र

हवाई वाहतूक नियंत्रणात माणसं कमी असली की दोन सेक्टर, म्हणजे आकाशाचे वाटून दिलेले भाग, एकाच टेबलावर येतात, आणि घोळ तिथेच होतो. खुर्चीत बसण्याआधी नोटॅम, म्हणजे उड्डाणांसाठीच्या अधिकृत सूचना, वाच. प्रतिबंधित क्षेत्र चालू आहे का, म्हणजे तिथली बंदी लागू आहे का, किती उंचीपर्यंत, कधीपर्यंत, हे समोर लिहून ठेव. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. 480 नॉटने जाणारं विमान मिनिटाला 8 सागरी मैल कापतं, म्हणून वळण क्षेत्राच्या हद्दीजवळ नको, आधीच दे. वैमानिक सूचना परत म्हणून दाखवतो त्या रीडबॅकमधला हेडिंगचा (दिशेचा) प्रत्येक आकडा ऐक. नुसतं ‘रॉजर’ (‘ऐकलं’) चालत नाही. क्षेत्र ‘बंद झालं असेल’, म्हणजे बंदी उठली असेल, असं कधीही धरू नकोस, हॉटलाइनवर विचारून घे. आणि सेक्टर वेगळे करायला गर्दी वाढायच्या आधीच सांग. ऐन गर्दीत दुसऱ्या नियंत्रकाला हँडओव्हर देताना, म्हणजे काम सोपवताना, एखादं विमान सांगायचं राहून जातं.