एकच बांगडा मागायचा कसा?

ताई, मी ४९ वर्षांचा, लग्न केलेलं नाही. मूळचा वेंगुर्ल्याचा, राहतो डोंबिवलीत. आठ महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात मासा शिजलेला नाही. ऑफिसातून घरी यायला साडेसात होतात. वाटेवरच्या बाजारात आईची नेहमीची मासेवाली बसते. एकच बांगडा मागायची लाज वाटते म्हणून तिच्यासमोरून मान खाली घालून निघून जातो. मध्ये एकदा दुकानातून सुरमईच्या दोन तुकड्या आणल्या, त्या तव्याला चिकटल्या आणि त्यांचा भुगा झाला. आता रोज आम्लेट-पाव करतो आणि ओट्याशी उभ्यानेच खातो. एकट्यासाठी एवढा खटाटोप करावा का?
— एक वाचक

करावा. आणि पहिल्यांदा बांगडाच करा, सुरमई नको. सुरमई महाग, त्यामुळे बिघडली की जीव हळहळतो. बांगडा स्वस्त आणि अंगचा तेलकट, म्हणून नवख्या हातालाही सांभाळून घेतो. शिवाय तुमच्या जिभेला त्याचीच ओळख आहे.

एकच मागायची लाज वाटते, तर वाटा घ्या, म्हणजे मासेवालीने एकत्र मांडलेला छोटा ढीग. चार बांगडे आले तर ते एकट्याला जास्त होत नाहीत. एक आज तळायचा, दोन बांगड्यांचं तिखलं, म्हणजे कोकम घातलेलं तिखट कालवण, करायचं, चौथा मीठ-हळद लावून फ्रीझरमध्ये टाकायचा आणि आठवड्याच्या आत संपवायचा. संध्याकाळी घेताना मात्र कल्ले उघडून बघा. ते लाल हवेत, डोळा खोल गेलेला नको, पोट दाबलं तर घट्ट लागायला हवं. बर्फावर नसलेला बांगडा घेऊ नका. उकाड्यात राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. अंगाला खाज सुटते, चेहरा लाल होतो. साफ तिच्याकडूनच करून घ्या.

घरी आल्यावर आधी अर्धी वाटी तांदूळ कुकरला लावा. बांगडा धुऊन फडक्याने अगदी कोरडा टिपा. तुमच्या तुकड्या चिकटल्या त्या बहुतेक ओलेपणामुळे, नाहीतर तवा तापायच्या आत टाकल्यामुळे. दोन्ही अंगांना चिरा द्या. मीठ, हळद, मालवणी मसाला आणि चमचाभर आगळ (कोकमाचा आंबट अर्क) चोळून पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात हातपाय धुऊन होतात. मग दोन चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा रवा यात घोळवून तापलेल्या तेलात सोडा आणि आच मध्यम करा. चार मिनिटं हात लावू नका. खालची बाजू कुरकुरीत झाली की मासा आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून मिनिटभर थांबा. मग उलटून दुसरी बाजूही तशीच होऊ द्या.

तिखलं त्याहून सोपं. त्याला नारळ लागत नाही, वाटण लागत नाही. बांगड्याचे तुकडे, लाल तिखट, हळद, मीठ, चार-पाच कोकमं, थोडं तेल आणि तुकडे जेमतेम भिजतील एवढंच पाणी. पाच-सहा तिरफळं (कोकणात माशाला घालतात ती वासाची छोटी फळं) काळी बी काढून, जराशी ठेचून घाला. मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. पळी घालू नका, टोप फडक्यात धरून हलवा, म्हणजे तुकडे मोडत नाहीत. निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खा, तेव्हा ते जास्त मुरलेलं असतं. म्हणजे दुसऱ्या रात्री फक्त भात लावायचा.

आणि ताट वाढून घ्या. बसून जेवा. आईने तुम्हाला कधी उभ्याने जेवू दिलं नसेल.

आता पत्रातल्या त्या मासेवालीबद्दल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मला नाही वाटत की तुम्ही एका बांगड्यासाठी मान खाली घालता. "आई कुठे दिसत नाहीत त्या?" हा तिचा प्रश्न तुम्हाला नकोय. इतकी वर्षं तिने तुमच्या आईला मासे दिले, कदाचित घासाघीस करता करता दोघींची मैत्रीही झाली असेल. तिला अजून कुणी सांगितलेलं नसावं. येत्या बुधवारी, गर्दी ओसरल्यावर तिच्याकडे जा, आधी तिला आईचं सांगा, मग बांगडे मागा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, तिच्याही येईल. मासे कापता कापता ती आईबद्दल काहीबाही बोलेल. पिशवी हातात आली तरी लगेच निघू नका, ते ऐकून या.